एक ओळ खाली

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझी चौतीस वर्षं कागद तपासण्यात गेली. छापून आलेल्या शीटवरून नजर फिरवायची, शाई पसरलीय का, रेघ तुटलीय का, आकडा सरकलाय का ते बघायचं आणि चुकलेली शीट बाजूला काढायची. निवृत्त झालो तरी डोळ्यांची खोड जाईना. घरी लग्नपत्रिका आली की मी आधी कागद चिमटीत धरून बघतो, मुहूर्त नंतर वाचतो. आमच्या घरच्या मंडळींचं म्हणणं, यांना माणूस दिसत नाही, समास दिसतो.

असा माणूस जपानला जाऊन काय बघणार? लोक बघतात ते मीही बघितलं. फुजी पर्वत ढगात होता, बुलेट ट्रेन वेळेवर होती. पण मी थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीने. ऐंशी वर्षांपूर्वी जळून कोळसा झालेल्या या देशाने जगाशी पुन्हा बोलणं सुरू केलं ते कशाच्या जोरावर? फौज मोडलेली, तिजोरी रिकामी, अब्रू तर शेजारच्या कुठल्याच देशात शिल्लक नव्हती. उरला होता कागद, आणि तो बिनचूक असला पाहिजे हा हट्ट.

मुलगी टोकियोत नोकरीला आहे. "बाबा, पासपोर्ट काढा, बाकी सगळं मी बघते," असं ती दोन वर्षं म्हणत होती. भारताचे पासपोर्ट छापतात आमच्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. त्यामुळे घरापासून हाकेच्या अंतरावर छापलेलं पुस्तक पोस्टाने घरी आलं, तेव्हा मी ते नेहमीच्या सवयीने उजेडासमोर धरलं. ठीक होतं. २०२४ च्या नोव्हेंबरात टोकियोच्या विमानतळावर खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आत परवानगीचा चौकोनी कागद चिकटवला. चारही बाजूंनी समास सारखा! रांग केवढी, माणूस एकटा, आणि चिकटवणं असं. मी त्याला मनातल्या मनात आमच्या विभागात भरती करून टाकलं.

मुलगी राहते निशिकासाईला. एदोगावा वॉर्डातला हा भाग. इथे आपली माणसं इतकी की तूरडाळ, हिंग, कढीपत्ता, कशाला अडत नाही. जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले.

पहिल्याच आठवड्यात माझी फजिती झाली. दहा हजार येनची नवी नोट नुकतीच, जुलै महिन्यात चलनात आली होती. ती तिरकी केली की होलोग्राममधला चेहरा मान वळवतो. एका दुकानात नोट बदलून घेताना ती हातात आली आणि मी तिथेच उभा राहून ती हलवत बसलो. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग उजेडासमोर. गल्ल्यावरच्या बाईंचा चेहरा उतरला. मी नोट खोटी ठरवतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी वाकून दुसरी नोट पुढे केली. मुलीने येऊन खुलासा केला, तेव्हा त्या परत वाकल्या, मग मुलगी वाकली, मग मलाही वाकावं लागलं. दोन राष्ट्रांतला तणाव असा निवळला.

त्या नोटेवरचा चेहरा म्हणजे एइइची शिबुसावा, जपानी उद्योगधंद्यांचा पाया घालणारे. १८९३ मध्ये मुंबईहून कोबेला कापूस नेणारी बोट सुरू झाली ती जमशेटजी टाटा आणि जपानी मंडळींनी मिळून, आणि त्या बोलण्यांत हे शिबुसावा होते. मुंबई–जपान वाहतुकीवरची इंग्रज कंपनीची मक्तेदारी मोडायला हा खटाटोप. आणि नोटेचा कागद? त्यात मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीचा लगदा असतो. जपानात ते पिकवणारे हात कमी झाले, म्हणून आता ही साल मोठ्या प्रमाणात नेपाळच्या डोंगरांतून येते. जपानच्या सगळ्यात मोठ्या नोटेत हिमालयाची साल. आमच्या प्रेसमधल्या जुन्या मित्रांना हे फोनवर सांगितलं, तर एकाने विचारलं, "मग काठमांडूला नोट पिकते म्हण की!"

आता मुद्द्याचं. अझाबुदाई भागात जपानच्या परराष्ट्र खात्याचं अभिलेखागार आहे. जुने तह, पत्रं, शिक्के. त्यांचं छोटं दालन लोकांसाठी उघडं असतं आणि तिकीट नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, सगळे देवळं बघतात, तुम्हाला इथे आणलं." मी म्हटलं, "अगं, माझं देऊळ हेच."

तिथून बाहेर आल्यावर एका बाकावर बसून तिने मला मोबाइलवर एक फोटो मोठा करून दाखवला. २ सप्टेंबर १९४५, मिसूरी युद्धनौकेवर जपानने शरणागतीच्या कागदावर सही केली, त्या कागदाचा. दोन प्रती होत्या, एक दोस्त राष्ट्रांकडे, एक जपानकडे. जपानच्या प्रतीत गडबड आहे. प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीने आपल्या देशाच्या नावावरच्या ओळीत सही करायची होती. कॅनडाच्या कर्नल कॉसग्रेव्ह यांनी एक ओळ खाली सही केली. पुढे काय होणार? फ्रान्सची सही नेदरलँड्सच्या ओळीत, नेदरलँड्सची न्यूझीलंडच्या ओळीत, आणि न्यूझीलंडला ओळच उरली नाही. त्यांनी तळाशी मोकळ्या जागेत सही केली.

मला हसू आवरेना. जगाच्या इतिहासातला एवढा मोठा कागद, आणि शीट बाद!

हसू ओसरलं ते पुढच्या भागाने. हरलेल्या देशाची माणसं उठली आणि म्हणाली, हा कागद असा चालणार नाही. भोवती शेकडो विजयी जहाजं उभी, वर विमानं, देशातली साठाहून जास्त शहरं जळालेली, आणि ही मंडळी ओळ चुकली म्हणून अडून बसली. शेवटी अमेरिकेचे जनरल सदरलँड यांनी छापलेली नावं पेनने खोडली, हाताने नीट लिहिली, तरी जपान्यांचं समाधान होईना. प्रत्येक खाडाखोडीशेजारी सदरलँड यांनी आद्याक्षरं टाकली, तेव्हा कागद स्वीकारला गेला. आमच्याकडे रजिस्टरात आकडा चुकला तर हाच नियम: खोडा, वर लिहा, शेजारी सही.

त्या दिवशी जपानच्या वतीने पहिली सही करणारे परराष्ट्रमंत्री मामोरू शिगेमित्सु एका पायावर लंगडत चढले होते. १९३२ मध्ये शांघायला एका कोरियन क्रांतिकारकाच्या बॉम्बने त्यांचा पाय गेला होता. तेव्हापासून लाकडी पाय. पुढे टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, १९५० मध्ये सुटले, पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. १८ डिसेंबर १९५६ रोजी जपानला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, तेव्हा न्यूयॉर्कला व्यासपीठावर उभं राहून जपानच्या वतीने बोलणारे हेच. एकाच माणसाने शरणागतीवर सही करावी, तुरुंगात जावं आणि मग जगाच्या सभेत देशाची खुर्चीही त्यानेच स्वीकारावी. महिन्याभराने, जानेवारी १९५७ मध्ये ते वारले. कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने जुळवून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

शिगेमित्सूंच्या मागे त्या नौकेवर आणखी एक अधिकारी उभे होते, कात्सुओ ओकाझाकी. यांचं नाव लक्षात ठेवा.

शरणागतीनंतरची सात वर्षं मोठी विचित्र. जपानला परराष्ट्र खातं होतं, पण परराष्ट्राशी बोलायची मुभा नव्हती. वकिलाती बंद. खात्यातल्या हुशार माणसांना काम एकच, जपानवर अंमल चालवणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थर साहेबांच्या कचेरीशी बोलणं. ती कचेरी सम्राटाच्या राजवाड्यासमोर, एका विमा कंपनीच्या इमारतीत. म्हणजे परराष्ट्र घरातच येऊन बसलेलं. त्या काळात निर्यातीच्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापावं लागे. रविवारच्या जुन्या बाजारात मला तसली एक बशी मिळाली. वर नाजूक फुलं, आणि उलटी केली की तळाला ती चार शब्दांची नामुष्की. छपाई मात्र सुबक. आपण पारतंत्र्यात आहोत हे सुद्धा त्यांनी नीट अक्षरांत छापलं.

या काळात पंतप्रधान होते शिगेरू योशिदा. गोल चष्मा, तोंडात चिरूट. पेशाने मुत्सद्दी. त्यांचा हिशेब सरळ होता. नव्या घटनेच्या नवव्या कलमाने युद्ध वर्ज्य केलंय, ती घटना ३ मे १९४७ पासून लागू आहे, तर तोच कागद अमेरिकेपुढे धरायचा. तुम्हीच लिहून घेतलंत, आता संरक्षण तुम्ही बघा, आम्ही कारखाने बघतो. अमेरिकेने पुढे फौज उभारा म्हणून तगादा लावला, तर हे कलम दाखवून वेळ मारून नेली. पूर्ण नाही नेता आली, थोडी फौज उभारावीच लागली. पण कर्ज देणाऱ्यालाच जामीन करून ठेवायचं हे डोकं कोणाचं!

सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नाट्यगृहात शांतता परिषद भरली. योशिदांचं भाषण इंग्रजीत तयार होतं. त्यांचे सल्लागार जिरो शिरासु यांनी ते बघितलं आणि भडकले. देश स्वतंत्र होतोय आणि त्याचं भाषण परक्या भाषेत? आयत्या वेळी भाषण जपानीत उतरवायला घेतलं. गावातल्या चिनी वस्तीतून कागद आणला, त्यावर मोठ्या अक्षरांत ब्रशने लिहिलं, तुकडे जोडले आणि गुंडाळी झाली सुमारे ३० मीटरची. योशिदा व्यासपीठावर ती उलगडत वाचत राहिले. परदेशी वार्ताहरांनी टवाळी केली, जपानचे पंतप्रधान शौचालयातल्या कागदाची गुंडाळी वाचतायत.

त्या गुंडाळीचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. जोड कुठे दिले असतील? कागद ब्रशची ओल खेचून सुरकुतला असेल की नाही? घाईत लिहिणाऱ्याचा हात शेवटी थकला असणार, अक्षरं मोठी झाली असणार. ज्याने कधी छापखान्यात रात्रपाळीला आयत्या वेळचं काम काढलंय त्यालाच ती धडधड कळेल.

८ सप्टेंबरला ४८ देशांनी जपानशी तह केला. त्याच दिवशी तिथल्या लष्करी छावणीत योशिदांनी दुसरा कागद सही केला, अमेरिकेशी सुरक्षा करार. तहाला त्यांच्याबरोबर बाकीचे जपानी प्रतिनिधी होते, या दुसऱ्या कागदावर सही त्यांची एकट्याची. पहिल्या कागदाने देश सुटला, दुसऱ्याने अमेरिकी तळ राहिले. ओकिनावा तर १५ मे १९७२ पर्यंत अमेरिकेच्याच ताब्यात होतं, आणि तळांवरून तिथे आजही भांडण आहे. योशिदांना शहाणे म्हणावं तर ओकिनावाचा माणूस काय म्हणेल, हा प्रश्न मला त्या दालनातही पडला होता आणि घरी आल्यावरही आहे.

आपण सॅन फ्रान्सिस्कोला गेलोच नाही. नेहरूंनी ऑगस्टमध्येच अमेरिकेला कळवलं की या मसुद्यात जपानला बरोबरीची वागणूक नाही, बेटं काढून घेतली जातायत, परकी फौज राहतेय. मग ९ जून १९५२ रोजी टोकियोत भारत आणि जपानचा स्वतंत्र तह झाला. भारताने युद्धभरपाईचे सगळे दावे सोडले. भारतातर्फे सही के. के. चेत्तूर यांची, आणि जपानतर्फे परराष्ट्रमंत्री कात्सुओ ओकाझाकी यांची. तेच ओकाझाकी. सात वर्षांपूर्वी ज्यांनी विजेत्यांच्या घोळक्यात खाडाखोड झालेला कागद घेतला, त्यांच्यापुढे आता असा कागद आला ज्यात समोरचा काही मागतच नव्हता. त्या सहीच्या वेळी त्यांना मिसूरी आठवली असेल का, हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. मला तरी आठवली असती.

कामाकुराला गेलो ते बुद्ध बघायला. तेराव्या शतकातली कांस्यमूर्ती, अकरा मीटरच्या वर, आभाळाखाली बसलेली. थोडे येन दिले की पोटातही शिरता येतं. आत धातूचे तुकडे एकमेकांत ओतून जोडल्याच्या रेघा दिसतात. मी अर्थातच जोड तपासले. त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या लहानपणापासून चढतोय मी, पांडवलेणी म्हणतो आम्ही. दगड कोरणारे आणि धातू ओतणारे यांची जातकुळी एकच असावी.

त्या आवारात एक शिळा आहे, लोक तिच्यासमोरून निघून जातात. ती श्रीलंकेच्या जयवर्धने यांची. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सिलोनतर्फे ते बोलायला उठले, वैराने वैर शमत नाही या बुद्धवचनाचा हवाला दिला आणि भरपाई नको म्हणाले. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९९१ मध्ये जपान्यांनी ही शिळा बसवली. १९९६ मध्ये जयवर्धने गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा एक डोळा जपानला पाठवला गेला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुलगी म्हणाली, "बाबा, थंडीने का?" मी हो म्हटलं.

उएनोच्या प्राणिसंग्रहालयात गर्दी होती ती पांडांपुढे. मोठी जोडी आदल्याच सप्टेंबरात चीनला परत गेली होती, पिल्लं होती. पांडांची गोष्ट १९७२ ची. सप्टेंबरच्या शेवटी पंतप्रधान काकुएई तानाका पेकिंगला गेले, जपान आणि चीनचे संबंध जुळले, आणि ऑक्टोबरात कांगकांग आणि लानलान ही जोडी इथे पोचली. ती भेट होती. पुढे पांडा आले ते ठराविक मुदतीच्या करारावर, मुदत संपली की परत.

पण मला शोधायचा होता आपला हत्ती. १९४३ मध्ये, हवाई हल्ल्यांत पिंजरे फुटून जनावरं मोकाट सुटतील म्हणून या संग्रहालयातली मोठी जनावरं मारायचा हुकूम झाला. हत्तींनी विषाचं खाणं तोंडात घेतलं नाही. त्यांना उपाशी मारलं. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती पाठवा. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीतून टोकियोला आली. नाव इंदिरा, नेहरूंच्या मुलीचं. बघा, तह व्हायला अजून पावणेतीन वर्षं होती, कागदोपत्री युद्ध चालूच होतं, आणि हत्तीण दारात. पुढच्या वर्षी तिला गावोगाव फिरवलं. १९८३ मध्ये ती गेली.

तिथे एक आजी भेटल्या, नातवाला घेऊन आलेल्या. आम्ही भारतातले कळल्यावर त्यांनी हाताने सोंड केली आणि "इंदिरा, इंदिरा" म्हणाल्या. लहानपणी बघितली होती. मुलीने दुभाषाचं काम केलं. त्या सांगत होत्या, पोटात अन्न नव्हतं तेव्हा, पण हत्ती बघायला रांग लावली. खरं सांगतो, नाशिकला मी दहा जणांना विचारलं की नेहरूंनी जपानला काय दिलं, तर एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही कुठे होतं?

हत्तीने मन जुळतं, पोट भरत नाही. पोटासाठी जपानने जे केलं ते मला जास्त चक्रावून टाकणारं वाटलं. भरपाई द्यायची तर रोख कुठून आणणार? म्हणून भरपाई मालात आणि मजुरीत. १९५४ मध्ये ब्रह्मदेशाशी करार, २० कोटी डॉलरचा. १९५६ मध्ये फिलिपिन्सशी, ५५ कोटींचा. मग इंडोनेशिया, मग दक्षिण व्हिएतनाम. ब्रह्मदेशात बालुचाऊंग नदीवर वीजकेंद्र उभं राहिलं ते यातूनच. यंत्रं जपानी, इंजिनियर जपानी, त्यामुळे दंड भरता भरता कारखान्यांना कामही मिळालं आणि त्या देशांत जपानी यंत्राची ओळखही झाली. दंडाच्या पावतीच्या मागच्या बाजूला पुढच्या ऑर्डरचा फॉर्म छापलेला!

हीच चाल आपल्या शेजारी, गोव्यात. तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा. जपानच्या भट्ट्यांना लोखंडाचं खनिज हवं, खाणवाल्यांकडे यंत्रं नाहीत. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी पोलादवाल्यांनी खाणीतल्या यंत्रांसाठी कर्ज दिलं आणि फेड घेतली खनिजातच. डिचोलीकडची लाल माती बार्जमधून मांडवी–जुवारी उतरून मुरगावला, तिथून जपानला. एकीकडे पोर्तुगालच्या वसाहतीशी सौदा, दुसरीकडे त्याच पोर्तुगालला हाकलू पाहणाऱ्या भारताशी मैत्री, आणि दोघांनाही वाकून नमस्कार. मे १९५७ मध्ये पंतप्रधान किशी दिल्लीला आले, ऑक्टोबरात नेहरू जपानला गेले, आणि १९५८ मध्ये जपानने आयुष्यातलं पहिलं येन कर्ज दिलं ते भारताला, १८ अब्ज येनचं.

देणाराही तेव्हा घेणाराच होता. टोकियो–ओसाका बुलेट ट्रेनसाठी जपानने १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर उचलले होते. बँकेचं सगळं देणं फिटलं १९९० मध्ये. आज मुंबई–अहमदाबाद गाडीला तोच देश ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने पैसे देतो. ती गाडी ठाणे, विरार, बोईसर करत गुजरातेत जाणार. नाशिककरांनी आपली पंचवटी एक्सप्रेस धरावी. अजिंठा–वेरूळच्या जतनाचा प्रकल्पही १९९२ पासून येन कर्जातून झाला, हे मात्र आपल्याकडे फार कोणाच्या ध्यानात नसतं. आणि १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून आपण ज्या दोन बँकांकडून पैसे घेतले, त्यातली एक बँक ऑफ इंग्लंड आणि दुसरी बँक ऑफ जपान. नोटा छापणाऱ्या गावात त्या दिवसांत कसं वातावरण होतं ते मला आठवतं. कामावर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पैसा पुरत नाही हे जपानला त्याच वर्षी कळलं. आखाती युद्धात त्यांनी १३ अब्ज डॉलर दिले, माणूस एकही लढायला पाठवला नाही. युद्धानंतर कुवेतने अमेरिकी वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली, मदत करणाऱ्या देशांची यादी छापली, आणि तीत जपान नाही. गणपतीला सगळ्यात मोठी वर्गणी द्यावी आणि फळ्यावर नाव नसावं, तसं झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी कायदा करून शांतिसेनेत माणसं पाठवायला सुरुवात केली, पहिल्यांदा कंबोडियात.

कागदाने सगळं मिटतं असं मात्र नाही. दक्षिण कोरियाशी १९६५ मध्ये करार झाला, ३० कोटी डॉलर मदत आणि २० कोटी कर्ज, जुने हिशेब कायमचे संपले असं त्यात लिहिलं. पण ज्या बायकांना जपानी फौजेने छावण्यांत डांबलं, त्यांना कोणी विचारून ते लिहिलं नव्हतं. १९९२ पासून सोलच्या जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी त्यांच्यासाठी लोक जमतात.

यासुकुनीच्या देवस्थानात मी मुलीच्या आग्रहाविरुद्ध गेलो. युद्धात मेलेल्यांच्या आत्म्यांबरोबर तिथे खटल्यात फाशी गेलेले पुढारीही पुजले जातात, आणि जपानी पंतप्रधान तिथे गेला की चीन, कोरिया पेटतात. आवारात एक स्मारक आहे, कोलकात्याचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं. टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष म्हणणारे ते एकटेच न्यायाधीश. नोकरीत मी लांबलचक अहवाल वाचलेत, पण त्यांचा निकाल हजार पानांच्या वरचा आहे. हल्ला हा तेव्हाच्या कायद्याने गुन्हा नव्हता आणि विजेत्यांनी मागाहून कायदा करून पराभूतांना फाशी देऊ नये, हा त्यांचा मुद्दा. जपानी फौजेने अत्याचार केले, त्याचा पुरावा भरभक्कम आहे, हेही त्याच निकालात त्यांनी लिहिलंय. स्मारकापुढे फोटो काढणारी मंडळी पहिलं पान वाचून आली होती असं मला वाटलं. शीटच्या एकाच बाजूला शाई लागली तर आम्ही तिला बाद धरायचो.

परतीच्या आधी चार दिवस ओसाकाहून कोयासानला गेलो. आगगाडी, मग दोरीने ओढली जाणारी गाडी, मग बस, आणि वर हजारभर वर्षांचे मठ. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. महाराष्ट्र आणि या वाकायामा प्रांतात २०१३ मध्ये सामंजस्य करार झाला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते पुतळ्याचं अनावरण झालं. राज्याने प्रांताशी बोलायचं, प्रांताने मठाशी, आणि मध्ये दिल्ली–टोकियो असले तरी चालतील. हा मुत्सद्देगिरीचा वेगळाच रस्ता. नागपूरला जन्म घालवणारे भदंत सुरई ससाई जपानचेच, ओकायामाचे. तिथल्या बागेच्या धर्तीवरची बाग आम्ही पुण्यात पु. ल. देशपांड्यांच्या नावाने बघतो.

पुतळ्यापाशी थंडी कडाक्याची होती. एक विद्यार्थी सायकल घेऊन चालला होता. आम्ही हात जोडून उभे बघून तो थांबला आणि मुलीला विचारता झाला, हे तुमच्या गावचे का? मी म्हटलं, सांग त्याला, आमच्या गावच्या काळाराम मंदिरात जायला यांनी १९३० मध्ये सत्याग्रह सुरू केला, आत जाऊ दिलं नाही, आणि १९३५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात येवल्याला यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. त्याला बुद्ध ठाऊक, येवला कुठून ठाऊक असणार? मी खिशातून जेवणाची पावती काढली, उलटी केली आणि नकाशा काढायला लागलो. गोदावरीची रेघ, नाशिक, मग वर उजवीकडे रेल्वेचा फाटा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "ते मनमाड आहे. येवला त्याच्या खाली."

बघतो तर खरंच, येवल्याचं नाव मी वरच्या टिंबाशेजारी लिहून बसलो होतो. मी ते खोडलं, खाली नीट लिहिलं, शेजारी माझी आद्याक्षरं टाकली, आणि पावती दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.